बटाट्याला फूलच आलं नाही, आता काढू कधी?

संक्रांत झाली की आमच्याकडे बटाट्याची पत्रं सुरू होतात, यंदा जरा जास्तच आली, जळगाव धुळे नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून, आणि बहुतेक सगळी टेरेसवाल्यांची. शेतातल्या बटाट्याचं कोणी विचारत नाही, कारण आपल्या भागात बटाटा लावणारे शेतकरी तसे कमीच, इथं कापूस केळी मका. पण कुंडीत, ग्रो बॅगमधे, रंगाच्या बादलीत, तेलाच्या डब्यात बटाटा लावणारे मात्र गल्लोगल्ली झालेत. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, कोणाचं पत्र राहिलं असं वाटलं तर खालच्या उत्तरांत शोधा, सापडेल.

प्रश्न : दिवाळीनंतर ग्रो बॅगमधे पुखराज बटाटा लावला, बेणं दुकानातूनच आणलं होतं. आता ७५ दिवस होत आले. झाडं हिरवीगार आहेत पण फूल एकही नाही. व्हिडिओत सगळे सांगतात की फुलं येऊन गळाली की बटाटा तयार. मग माझ्याकडे बटाटा धरलाच नाही का? काढायचा कधी?
– एक ताई, जळगाव

उत्तर : ताई, फुलाची वाट बघणं आजपासून सोडा. ते व्हिडिओ एकतर थंड देशांतले असतात नाहीतर ते बघून आपल्याच लोकांनी हिंदीत बनवलेले. तिकडं बटाटा लावतात मार्च-एप्रिलला आणि तो वाढतो उन्हाळ्यात, तेव्हा तिथं पंधरा-सोळा तास उजेड असतो आणि बटाट्याला नीट फुलायला असा लांब दिवस लागतो. आपल्या रब्बीत दिवस अकरा तासांच्या आसपास, त्यात कळी दिसलीच तरी बऱ्याचदा ती तशीच गळून जाते. हे तुमच्याच टेरेसवर होतंय असं नाही, आपल्या देशात बटाट्याच्या नव्या जाती काढणारे शास्त्रज्ञसुद्धा संकर करायला शिमल्याजवळ कुफरीला जातात, कारण तिथं उन्हाळ्यात झाड चांगलं फुलतं आणि खाली मैदानात धड फुलत नाही. म्हणून तर पुखराज ज्योती चंद्रमुखी सगळ्यांच्या आधी कुफरी लागलेलं असतं.

आणि गंमत अशी की ज्या लहान दिवसांमुळे फूल येत नाही तेच लहान दिवस आणि गार रात्री खाली बटाटा धरायला हव्या असतात. त्यामुळे फूल नाही म्हणजे बटाटा नाही हे डोक्यातून काढा. फूल आलंच कधी तर येऊ द्या, पण त्यामागून टोमॅटोसारखी बारीक हिरवी फळं धरली तर ती खायची नाहीत, विषारी असतात, घरात लहान मुलं असतील तर तोडूनच टाका.

मग बघायचं काय. पहिली गोष्ट लावल्याची तारीख, ती कॅलेंडरवर लिहिलेली असली तर अर्धं काम झालं. पुखराज लवकर येणारी जात, ७० ते ९० दिवसांत होते, चंद्रमुखी ८०-९०, ज्योतीला १०० च्या आसपास धरा. पण आकडा हा अंदाज झाला, त्यानंतर झाड काय सांगतं ते बघा. खालची पानं आधी पिवळी पडतात, मग पिवळेपणा वर सरकतो, आणि इतके दिवस ताठ उभी असलेली खोडं बॅगेच्या काठावर लवंडायला लागतात. तुमचं झाड अजून हिरवंगार आहे म्हणजे पानं अजून खाली माल पाठवतायत, त्याला आत्ता उपटू नका.

पण चाचणी मात्र करून बघा, त्यासाठी झाड उपटायची गरज नाही. बॅगेच्या कडेनं, खोडापासून वीतभर लांब, हातानंच माती बाजूला करा, खुरपं नको, खुरप्याचा एक ओरखडा बसला की तो बटाटा टिकत नाही. चार-पाच इंचांवर बोटाला काहीतरी गोल टणक लागेल. एकच बटाटा अलगद ओढून काढा, बाकीची मुळं हलू देऊ नका आणि माती परत लोटून दाबून टाका. आता तो बटाटा ओल्या हातानं पुसा आणि अंगठ्यानं जोर लावून चोळा. साल कागदासारखी सुटून अंगठ्याखाली गोळा झाली तर तो कोवळा आहे, आजच भाजीत टाका. चोळून चोळून अंगठा गरम झाला आणि साल जागची हलली नाही तर माल पक्का झाला.

कोवळा बटाटा म्हणजे वाया गेलेला असं मात्र समजू नका, ६०-७० दिवसांचे ते लिंबाएवढे बटाटे न सोलता अख्खे काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडले तर बाजारातला जुना बटाटा त्याच्या जवळपास येत नाही. फक्त ते साठवून ठेवायचे नाहीत, दोन-चार दिवसांत संपवायचे. तुमच्याकडे बऱ्याच बॅगा असतील तर मी म्हणेन एक बॅग आत्ता कोवळी खा आणि बाकीच्या पिकू द्या.

पिकवायच्या बॅगांचं असं करा की पानं निम्म्याच्या वर पिवळी झाली की पाणी बंद, आणि पाला मातीच्या लेव्हलला कात्रीनं कापून टाका. कापायचा, ओढायचा नाही, ओढलं तर खालचे बटाटे वर येतात. त्यानंतर बॅग तशीच सावलीत १०-१५ दिवस ठेवायची, या दिवसांत साल पक्की होते. शेतकरीही हेच करतात, त्याला पालाकापणी म्हणतात. मग एखाद्या जुन्या ताडपत्रीवर बॅग आडवी करून माती मोकळी करा, घरातली पोरं बोलवा, त्यांना हे काम फार आवडतं.

आणि एक गोष्ट व्हिडिओवाले सांगणार नाहीत कारण त्यांच्याकडे तो प्रश्नच नाही. तिकडं पीक निघताना हवा गार होत जाते, आपल्याकडे तापत जाते. मार्चमधे जळगावात दुपारी पारा ३७-३८ ला जातो, टेरेसवरच्या काळ्या बॅगेतली माती त्याहून तापते, आणि तापलेल्या मातीत बटाटा वाढत तर नाहीच, उलट आतच कोंब काढतो नाहीतर सडतो. म्हणून झाड हिरवं असलं तरी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाला कापून टाका आणि फेब्रुवारी संपायच्या आत माल घरात घ्या. अजून आठ दिवस ठेवला तर अजून मोठा होईल हा हिशोब जानेवारीत चालतो, मार्चमधे नाही.

प्रश्न : माझ्या बटाट्याची पानं ४५ दिवसांतच पिवळी पडायला लागली. शेजारचे म्हणतात तयार झाला, काढ. खरंच काढू का?
– एक भाऊ, धुळे

उत्तर : नका काढू भाऊ. ४५ दिवसांत कुठलीच जात पिकत नाही, आत्ता खाली सुपारीएवढे असतील, त्यांचं काय करणार. ही पिवळी पानं वयाची नाहीत, दुसरं काहीतरी आहे, आणि ते पान हातात घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

पानावर तपकिरी डाग आहेत का आणि त्या डागात एकात एक गोल रेषा दिसतात का? तसं असेल तर तो लवकर येणारा करपा, खालच्या जुन्या पानांवर आधी येतो. ती पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमधे नको, आणि पाणी पानांवर न मारता बुडात घाला. वाढत असेल तर मॅन्कोझेब लिटरला दोन-अडीच ग्रॅम, डब्यावरच्या सूचना वाचून, संध्याकाळी फवारा.

डाग नाहीत, सगळं पान सारखं फिकट पिवळं आहे आणि माती बोटाला चिखलासारखी लागते, तर पाणी जास्त झालंय. हिवाळ्यात रोज पाणी लागत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि दिलं की खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या, वरवर शिंपडणं काही कामाचं नाही. जास्त पाण्याची खूण काढणीलाही दिसते, बटाट्याच्या सालीवर बारीक पांढरे फोड येतात, लोक त्याला रोग समजतात, पण ती सालीची श्वास घ्यायची छिद्रं फुगलेली असतात. माती ओली नाही आणि तरीही पान फिकट, तर खत कमी पडलंय, ओंजळभर गांडूळखत वरून घाला आणि मातीत हलकं मिसळून द्या.

पानं कडेनं वर वळून कडक झालीत, हाताला चामड्यासारखी लागतात? मग तो व्हायरस, मावा पसरवतो किंवा बेण्यातूनच येतो. त्याला औषध नाही, ते झाड काढा म्हणजे बाकीची वाचतील, आणि त्याचे बटाटे पुढच्या वर्षी बेणं म्हणून ठेवू नका, खायला हरकत नाही.

राहिलं आभाळाचं. तुमच्याकडे जानेवारीत थंडी कडक पडते आणि मधूनच दोन-तीन दिवस ढगाळ जातात, धुकं येतं. तेव्हा पानांवर पाण्यानं भिजल्यासारखे काळपट चट्टे आले आणि पान उलटं केल्यावर पांढरी बुरशी दिसली तर तो उशिराचा करपा, तो चार-पाच दिवसांत अख्खं झाड बसवतो. झाड ६० दिवसांच्या पुढं असेल तर औषधाच्या मागं लागू नका, पाला कापून लांब टाका आणि दहा-पंधरा दिवसांनी जे असतील ते बटाटे काढा.

प्रश्न : २०० लिटरच्या ड्रममधे बटाटा लावलाय. झाड वर येईल तशी माती टाकत जायची म्हणजे खालपासून वरपर्यंत ड्रम बटाट्यांनी भरतो असं ऐकलं. आत्तापर्यंत अर्ध्याच्या वर भरलाय. किती किलो निघतील?
– एक काकू, भुसावळ

उत्तर : काकू, तुमचा उत्साह मोडायचा नाही पण ड्रम भरणार नाही. ही टॉवरची गोष्ट सगळीकडे फिरते, फोटो पण भारी असतात, पण आपल्याकडच्या लवकर येणाऱ्या जाती तशा वागत नाहीत. बटाटा मुळाला लागत नाही, खोडाच्या जमिनीखालच्या भागातून आडवे पांढरे दोरे फुटतात आणि त्या दोऱ्यांच्या टोकाला बटाटा फुगतो. पुखराज-चंद्रमुखीसारख्या जातीत हे दोरे पहिल्या महिना-सव्वा महिन्यात, बेण्याच्या वरच्या थोड्या भागातूनच फुटतात. त्यानंतर वर कितीही माती ओता, तिथं नवा मजला चढत नाही. उलट दर वेळी पानं गाडली गेली की झाडाचा जेवण बनवायचा कारखानाच बंद पडतो आणि खालचे बटाटे बारीक राहतात.

भर द्यायची नाही असं नाही हं, भर पाहिजेच, पण कशासाठी ते समजून द्या. वरच्या अंगाला आलेला बटाटा उजेडात आला की हिरवा होतो, मातीला भेग पडली की त्यातून पाकोळी, म्हणजे बटाट्यावरचा बारीक पतंग, आत जाऊन अंडी घालते, आणि उघडी माती दुपारी तापते. भर या तिन्हींसाठी. झाड वीतभर झालं की निम्म्यापर्यंत माती, दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा, शेंडा आणि वरची पानं कायम उघडी. एकूण मातीची खोली फूट-सव्वा फूट झाली की पुष्कळ.

म्हणून उंच ड्रमपेक्षा पसरट भांडं बरं. २० लिटरच्या रंगाच्या बादलीत एक बेणं, बुडाला पाच-सहा भोकं पाडून, आणि अर्धा-पाऊण किलो बटाटा निघाला तर तुमचा हात चांगला बसलाय असं समजा. बाजारभावाशी याचा हिशोब लावायला गेलात तर मातीचे पैसेसुद्धा सुटायचे नाहीत, तो लावूच नका. तुमचा ड्रम पुढच्या वर्षी आडवा पाडून लांबीनं चिरून घ्या, दोन मस्त वाफे होतात. या वर्षी आता माती टाकणं थांबवा आणि पाला पिवळा व्हायची वाट बघा. काढताना वरची माती पटापट बाजूला करा, तुमचा माल सगळा तळाशी आहे.

प्रश्न : गणपतीत लावला, पाला कमरेएवढा झाला, युरिया पण दिला, पण संक्रांतीला कुंडी उलटी केली तर गोट्यांएवढे बटाटे. बटाटा कोठे गया?
– एक दादा, पारोळा

उत्तर : दादा, तो पाल्यात गेला! गणपतीत लावला तिथंच गणित चुकलं. बटाटा धरायला रात्रीचं तापमान १५ ते २० अंशांच्या आसपास लागतं, त्याच्यावर रात्र गरम राहिली की झाड सगळी ताकद पानांत घालतं. आपल्याकडे सप्टेंबर तर सोडाच, ऑक्टोबर हीटमधेही रात्री तितक्या गार नसतात. पुणे जिल्ह्यात सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा होतो हे खरंय, पण ते उंचावरचं गार पठार, आपलं तापीचं खोरं वेगळं. इथं ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावायचा, म्हणजे धरायची वेळ नेमकी डिसेंबरच्या थंडीत येते.

त्यात तुम्ही युरिया दिलात. नत्र जास्त झालं की पाला वाढतो आणि बटाटा धरणं लांबतं. लावताना चांगलं कुजलेलं शेणखत तिसरा हिस्सा आणि मूठभर निंबोळी पेंड, भर देताना थोडं गांडूळखत, कुंडीला एवढ्यात भागतं. शेणखत कुजलेलंच हवं, कच्च्या शेणातून हुमणी येते आणि ती बटाट्याला भोकं पाडते. आपली नुसती काळी माती पण कुंडीत घालू नका, शेतात ती सोनं आहे पण कुंडीत ओली असताना गच्च आणि वाळली की दगड, बटाट्याला फुगायला जागाच राहत नाही. तिसरा हिस्सा पोयटा, तिसरा शेणखत आणि तिसरा कोकोपीट नाहीतर कुजलेला पालापाचोळा, हात सहज आत गेला पाहिजे. चुलीची राख लोक हौसेनं घालतात, आपल्या मातीला तिची गरज नाही, आपली माती आधीच खारवट अंगाची आणि राखेनं सालीवर खरबरीत खपल्या येण्याचं प्रमाण वाढतं.

प्रश्न : काढलेल्या बटाट्यांपैकी पाच-सहा एका बाजूनं हिरवे आहेत. सासूबाई म्हणतात साल काढून उकडले की चालतात. चालतात का?
– एक ताई, शिरपूर

उत्तर : थोडासा हिरवा असेल तर साल आणि हिरवा भाग जाड कापून टाका, उरलेला वापरा. अर्ध्याच्या वर हिरवा असेल किंवा भाजी कडवट लागली तर फेकून द्या, तिथं काटकसर नको. हिरवा रंग स्वतः वाईट नाही, तो पालेभाजीत असतो तोच, पण ज्या उजेडानं तो रंग येतो त्याच उजेडानं सोलॅनिन नावाचं विष पण वाढतं, आणि ते उकडून किंवा तळून जात नाही. पोट बिघडतं, उलट्या होतात, लहान मुलांना लवकर बाधतं. सासूबाईंना सांगताना त्यांचं निम्मं बरोबर आहे असं सांगा, साल काढायचीच आहे, फक्त जाड.

पुढच्या वेळी हिरवे होऊ नयेत तर भर नीट द्या आणि वर गव्हाचा भुसा किंवा वाळलेल्या पानांचा थर टाका. काढल्यावर बटाटे उन्हात पसरून ठेवायची सवय पण सोडा, तो गहू नाही.

प्रश्न : घरातल्या टोपलीतल्या बटाट्याला कोंब आलेत, तेच लावले तर?
– एक वाचक, शहादा

उत्तर : कोंब जाड, आखूड, जांभळट असतील तर लावून बघा, येतील. खायच्या बटाट्याला कोंब येऊ नयेत म्हणून काही कोल्ड स्टोरेजमधे औषधाची धुरी देतात, तसला बटाटा महिना महिना मातीत पडून राहतो. शिवाय त्यात व्हायरस असला तरी वरून कळत नाही. जमलं तर बेणं म्हणूनच विकतात ते घ्या, अंड्याएवढं, ४०-५० ग्रॅमचं, आणि शक्यतो अख्खंच लावा. कापून लावायची पद्धत थंड हवेत ठीक, आपल्याकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला माती अजून गरम असते आणि कापलेला तुकडा कुजतो. कापायचाच असेल तर प्रत्येक तुकड्याला दोन डोळे ठेवा आणि एक-दोन दिवस सावलीत जखम सुकू द्या.

प्रश्न : आमच्याकडे केळीचे खांब भरपूर पडतात. ते कुंडीत चालतील का?
– एक आप्पा, यावल

उत्तर : आप्पा, तुमच्या भागात खांब फेकून देतात हेच वाईट. त्यात पालाश भरपूर असतं आणि बटाट्याला ते हवंच असतं. पण कच्चा खांब कुंडीत नको, पाणी सुटतं, कुजताना गरम होतो आणि माशा येतात. बारीक तुकडे करून शेणाबरोबर खड्ड्यात तीन-चार महिने कुजवा, काळं भुसभुशीत झालं की कोकोपीट विकत आणायची गरजच नाही. उन्हाळ्यात खड्डा भरला तर दिवाळीला तयार.

प्रश्न : गेल्या वर्षी बटाटे छान निघाले, मोठे मोठे. धुऊन प्लॅस्टिकच्या पोत्यात भरून माळ्यावर ठेवले. एप्रिलमधे कापले तर बाहेरून चांगले आणि मधे काळे. काही सडले, काहींच्या डोळ्यांपाशी काळी भुकटी. यंदा काय करू?
– एक काकू, चाळीसगाव

उत्तर : काकू, मधे काळं पडणं हा रोग नाही, तो गुदमरला. बटाटा काढल्यावरही श्वास घेतो, हवा जितकी गरम तितका जास्त, आणि बंद पोत्यात तापलेल्या माळ्यावर त्याला हवा पुरली नाही की आतला गर आधी मरतो आणि काळा पडतो. डोळ्यांपाशी काळी भुकटी म्हणजे पाकोळीची अळी आत शिरलीय, ती बहुतेक टेरेसवरूनच आली असणार, आणि घरात एक आली की टोपलीभर होते.

धुवायचे नाहीत, पहिली गोष्ट ही. माती वाळू द्या आणि हातानं झटका. मग सावलीत, वारं येतं अशा खोलीत बारदानावर एकेरी पसरून आठ-दहा दिवस ठेवा, वरून दुसरं बारदान टाकून उजेड अडवा. या दिवसांत बारीकसारीक खरचटलेलं भरून येतं. त्यानंतर निवडा, कापलेले, भोकं पडलेले, नरम लागणारे बाजूला काढा आणि ते आधी खा. चांगले राहिले ते बांबूच्या टोपलीत किंवा क्रेटमधे, खालच्या मजल्यावरच्या सगळ्यात गार अंधाऱ्या कोपऱ्यात. मधे मधे टणटणीचा किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकला तर पाकोळी कमी येते. कांद्याशेजारी ठेवू नका, दोघंही लवकर खराब होतात. आठवड्यातून एकदा हात फिरवून वास घ्या, एक सडला की शेजारच्या चारांना घेऊन जातो.

फ्रिजचं बरेच जण विचारतात. फ्रिजच्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, भाजी गोडसर लागते आणि तळायला घेतला की काळपट लाल होतो. थोडे असतील आणि उकडूनच खायचे असतील तर ठेवा, वेफर्स करायचे असतील तर अजिबात नाही.

आणि खरं सांगू का, खानदेशात घरात बटाटा एप्रिलपर्यंत टिकवायचा हट्टच करू नका. कोल्ड स्टोरेजवाले तो दोन-चार अंशांवर ठेवतात म्हणून त्यांचा कित्येक महिने टिकतो. आपण फेब्रुवारीत काढायचा, महाशिवरात्रीला उपासाची भाजी, आणि होळीच्या आधी-नंतर ऊन कडक असताना उरलेल्यांचे वेफर्स आणि कीस करून डब्यात भरायचे. ते उन्हाळाभर टिकतात आणि उन्हाचा तेवढाच उपयोग.

प्रश्न : हे सगळं वाचून मला पण लावावंसं वाटतंय. आत्ता जानेवारीअखेर लावला तर चालेल का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : नाही. आत्ता लावलेला बटाटा धरायच्या वेळेला मार्च उजाडतो आणि मग पारोळ्याच्या दादांसारखं नुसता पाला मिळेल, तोही एप्रिलमधे करपून जाईल. कुंड्या रिकाम्या ठेवायच्या नसतील तर फेब्रुवारीत गवार किंवा भेंडी लावा, दोन्ही आपल्या उन्हाला भीत नाहीत. खताचा खड्डा मात्र आत्ताच भरायला घ्या, आणि बेण्याचं दुकानदाराला सप्टेंबरमधे सांगून ठेवा, दिवाळीच्या गर्दीत चांगलं बेणं शिल्लक राहत नाही.